वीणेच्या भोपळ्यावरचं गंध

मित्रांनो, मी एक जुनी वीणा आहे, आणि आज मी रागावलेली आहे. देवाच्या दारात उभं राहणाऱ्यानं रागावू नये म्हणतात. पण मी भोपळा आहे, दगड नव्हे. पोकळ असले तरी माझ्या आत सगळं घुमतं.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झोपडीच्या छपरावर झाला. वेल वर चढला आणि उन्हात मी फुगत गेले. कडू भोपळा तो, कुणी खायचा नाही. वाळून कडक झाले तेव्हा मला पाल गावच्या बाजारात आणलं. तिथं सुपडू नावाच्या एका तरण्या शेतकऱ्यानं मला उचललं, बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि छातीशी धरलं. गावात कीर्तनाला वीणा नव्हती. त्याला ती हवी होती. रावेरच्या मोतीलाल सुतारानं मला सागाची दांडी जोडली, सांध्यावर लाल मखमलीची पट्टी गुंडाळली, तारा चढवल्या आणि मी बोलू लागले.

मला देवळात नेलं त्या दिवशीच सुपडूला माझ्या पोटावरची खूण दिसली. दोन उभ्या रेघा, खाली जुळलेल्या. तो ओरडलाच, "अरे, हे तं गंध हाये! देवानं सोताच्या बोटानं लावेल हाये!" झालं. गाव लोटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या रेघांत चंदन भरलं जाऊ लागलं. बाया लेकरांची कपाळं माझ्यावर टेकवू लागल्या. मला खरं ठाऊक होतं. पण माझ्या तारांना शब्द नाहीत, सूर तेवढा आहे.

पुढं सुपडूचा सुपडू आबा झाला. केळीच्या बागा वाढल्या, गावात सिमेंटचे रस्ते आले, मोबाइल आले. तरी चैत्रातला सप्ताह चुकला नाही. सप्ताहाची रीत तुम्हाला माहीत असेल. सात दिवस, सात रात्री मला खाली ठेवायचं नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, असा पहारा चालतो. मी जमिनीला टेकले की सप्ताह मोडला. ज्याचा पहारा त्यानं मला घेऊन उभं राहायचं आणि नाम चालू ठेवायचं.

यंदा चौथ्या दिवशी महाराजांनी फार गोड कीर्तन केलं. कथा एका राणीची होती. जत्रेत तिची मुलगी हरवते, बऱ्याच वर्षांनी तीच दासी होऊन महालात येते, राणी तिला उंबऱ्याबाहेर उभी करते. मग एके दिवशी तिच्या दंडावरचा ताईत राणीला दिसतो. महाराज थांबले. "ओळख पटली, मायबाप! महाल तोच, राणी तीच, पण राणीचे डोळे बदलले!" सगळा मांडव रडला. आबा रडले. सप्ताह समितीचा अध्यक्ष ललितभाऊ तर उपरण्यात तोंड घालून रडला. मीही थरथरले. कथेत हीच तर गंमत असते, मित्रांनो. माणसाला काहीतरी उमगतं आणि कालचं जग आज वेगळं दिसायला लागतं. मला वाटलं, ही माणसं उद्या थोडी वेगळी उठतील.

कसली वेगळी!

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. आबांचा पहारा संपला होता. पुढचा ललितभाऊचा. तो आला नाही. केळीचा ट्रक त्याच्या बांधावर लागला होता, माल भरायची घाई. टाळकरीही एकेक करून तिकडंच गेले. आबांचा उपास. ते तसेच उभे राहिले. नाम तोंडातल्या तोंडात होऊ लागलं. मग पाय लटपटले. मला वाटलं, आता गेले मी खाली. चाळीस वर्षांचा नेम आता मातीला टेकणार.

तेवढ्यात मांडवामागून एक बाई धावत आली. मोगराबाई. पायथ्याच्या पाड्यावरून केळी कापायच्या मजुरीला आलेली, सप्ताहात पंगतीची भांडी घासणारी. तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले, एका हातानं आबांना सावरलं, दुसऱ्यानं मला धरलं.

"आबा, तुमी बसा. मी धरते."

"नाम... नाम थांबू नको देऊ, बाई," आबा म्हणाले आणि खांबाला टेकून बसले.

तिनं मला गळ्यात घातलं आणि म्हणू लागली, "रामकृष्ण हरी." चाल तिची स्वतःची होती, पाड्यावरच्या लग्नगाण्यासारखी. पण नाम तुटलं नाही. आबांच्या पत्नीनं, कुंदाबाईनं, धावत येऊन त्यांना गूळपाणी पाजलं.

ट्रक भरून मंडळी आली ती या दृश्यावर. ललितभाऊच्या अंगावर केळीच्या चिकाचे डाग होते, तसाच तो ओरडला, "ए बाई! कोणं सांगलं तुले वीणा धरायले? बाईमाणूस, त्यात पाड्यावरची! सप्ताह बाटवला बठ्ठा!"

"खाली पडत व्हती, भाऊ."

"देवाचं गंध हाये तिच्यावर! चाल, दे इकडं अन् निघ मांडवातून. परत इकडं पाय टाकू नको." आणि कुणाला तरी म्हणाला, "बादलीत गोमूत्र आणा रे. धुऊन काढू."

धुऊन! मित्रांनो, मी वाळलेला भोपळा आहे. मला पाण्यानं धुतलं तर सांधा सुटेल, पोट फुगेल, आवाज कायमचा बसेल. पण माझा राग त्यासाठी नव्हता. मला वाचवणाऱ्या हातांचा डाग पुसायला निघाले होते, आणि ज्याचा पहारा चुकला तोच हुकूम सोडत होता!

मोगराबाईनं मला सोडलं नाही. तिची बोटं माझ्या पोटावरच्या खुणेवर फिरली आणि तिथंच थबकली. तिनं अंगठ्यानं चंदन खरवडलं.

"भाऊ, हे गंध नाही. बैलाची शिंगं हायेत. आमच्या घरची खूण."

मांडव हसला. "ऐका! आता देव बी हिच्या घरचा!"

"छपरावर बठ्ठ्या घरांचे वेल एकात एक जायचे," ती म्हणाली. "कोणता भोपळा कोणाचा, कळावं म्हून कवळा असताना काट्यानं खूण करायचो. फळ वाढलं की खूण वाढते. ही मीच काढली, पोर व्हती तवा. पयली वर मानेपाशी काढत व्हती. काटा मोडला. एकच शिंग झालं, मंग खाली दुसरी काढली."

कुणी हसायचं थांबलं नाही. आबा मात्र खांबाला धरून उठले. त्यांनी मोतीलालनं गुंडाळलेली मखमलीची पट्टी सोडली. तिच्याखाली मला मोतीलालनंतर कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तिथं एकच शिंग होतं.

आबांनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. ज्या खुणेपुढे आयुष्यभर डोकं टेकवलं, ती एका पोरीनं काट्यानं ओढलेली रेघ. त्यांनीच तिला गंध म्हटलं होतं. मला वाटलं, ते पट्टी पुन्हा गुंडाळतील. सोपं तेच होतं.

"ललित," आबा म्हणाले, "मी म्हणत व्हतो, हे देवाच्या बोटानं काढलं. बराबर म्हणत व्हतो. फक्त बोट कोणाचं, ते ओळखलं नाही. इतकी वर्षं ज्या बोटाची पूजा केली, ते आज समोर उभं हाये, अन् तू तिले बाहेर काढू ऱ्हायला?"

"आबा, समितीचा नियम हाये."

"नियम तं पहाऱ्याचा बी हाये," कुंदाबाई कडाडली. "तुह्या पहाऱ्याले तू कोठी व्हता रे?"

"ट्रकजवळ, अक्का. माल..."

"मंग हे गोमूत्र ट्रकावर शिंपड!"

आता मात्र मांडव वेगळं हसला. ललितभाऊ बादलीला लाथ मारून निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले. काल रडणाऱ्यांतलेच.

आबांनी पहाऱ्याच्या फळ्यावर खडूनं मोगराबाईचं नाव लिहिलं, ललितच्या जागी. शेवटच्या दिवशी तिनं पहारा दिला. तिचा नवरा रुपसिंग दाराशीच घुटमळत होता. आबांनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि टाळ दिले. त्याला ताल येत नव्हता. आबा म्हणाले, "मले बी आधी येत नव्हता."

आता समितीत कुजबुज आहे. म्हणतात, पुढच्या सप्ताहाला शहरातून नवी वीणा आणू, हिचं गंध खोटं निघालं. आणा बापहो. चकचकीत आणा. तिलाही कुणीतरी लावलेल्या वेलाचाच भोपळा लागेल, एवढं लक्षात ठेवा.

आणि मित्रांनो, तुम्ही मला जपणार असाल तर ऐका. मला ओल लागू देऊ नका. तारा वेळच्या वेळी बदला. पहारा घेतलात तर वेळेवर या. कीर्तनात डोळे भरून आले तर येऊ द्या, पण मांडवाबाहेर पडताना ते उघडे ठेवा. आणि माझ्या अंगावरून कुणाचेही हात पुसू नका. ते हात होते, म्हणून मी खाली पडले नाही.