पारासमोरचा नळ

"वाजिदभाई, पाणी तर येऊन राहिलंय. मग बायका कुठं हायत?" आदिनाथनं पुन्हा विचारलं.

मी काय कप्पाळ सांगणार? मी साधा हातपंपाचा मेकॅनिक. लातुरात क्लास करून इंजिनिअर झालेली आदिनाथसारखी ही पोरं पदरमोड करून रविवारी येतात, गावाला स्वच्छ पाणी देऊ म्हणतात, आणि मी त्यांच्यासोबत पाने-पकड घेऊन फिरतो. माझी लेक जेबासुद्धा आता तसल्याच क्लासला जाते. रविवारी तिची परीक्षा, माझं हे. गुडघे पार कामातून गेलेत.

बोअर, फिल्टर, टाकी, सगळं झालं. नळ बसवला गावाच्या मधोमध, पारासमोर. आणि बायका घरांच्या मागून, भूकंपात पडलेल्या जुन्या गावाच्या विहिरीकडं चालल्या होत्या. तेच घाण पाणी पिऊन त्यांच्यातल्या तारामतीचं लेकरू सलाईनवर गेलं होतं. तिला मी हटकलंच.

"का गं माय, नळ सोडून तिकडं का?"

"मामंजी बसतेत की पारावर. समदी मोठी माणसं. त्यांच्या म्होरं वाकून पाणी भरू व्हय?"

घ्या! आमच्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नळ हलवायचा तर पुन्हा खोदकाम, आणि पाइप संपलेला. आदिनाथ मटकन खाली बसला.

मग मीच तिच्या सासऱ्यांकडे, शेषेरावांकडे गेलो. तापलोच होतो.

"काका, तुमी दुसरीकडं बसा. न्हाई तर ते लेकरू हातचं जाईल."

"कुठं बसू?" ते हळूच म्हणाले. "भूकंपात ओसरी गेली, म्हातारी गेली. ह्या नव्या घरात जीव घाबरतो बाबा. हितं बसलं की रस्ता दिसतो, माणसं दिसतेत. तेवढंच उरलंय."

माझा राग तिथंच विरला. वाईट वाटलं. नळापाशी येऊन उभा राहिलो.

जरा वेळानं शेषेराव बसल्या जागीच फिरले. नळाकडं आन् रस्त्याकडं पाठ, पारामागच्या देवळाच्या भिंतीकडं तोंड. त्यांचं बघून शेजारचे मलप्पा फिरले, मग बाकीचे. मी तारामतीला खुणेनं बोलावलं. पदर सावरत ती आली आणि तिनं हांडा लावला.

एवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. पारावरची एकही मान वळली नाही.

"कोण उतरलं रं, वाजिद?" शेषेरावांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

मला गावातली सगळी माणसं कुठं ठाऊक? "एक जण लंगडतोय. खांद्यावर पोतं हाय."

"अमृतराव. आनी?"

हांडा भरेपर्यंत मी दिसेल ते सांगत राहिलो, आणि ते एकेकाचं नाव घेत राहिले.