शिकंज्यात गेलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुना ई-बुक रीडर आहे. माझ्या एका कोपऱ्याला चीर गेली आहे, पडद्याच्या तळाशी बोटभर रुंदीची करडी पट्टी कायमची बसली आहे आणि माझी बॅटरी आता दुपारच्या डुलकीइतकीच टिकते. तरीही मला कोणी भंगार म्हटलेलं मी खपवून घेत नाही. का, ते ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बायका ओळीने बसून आम्हाला जोडत होत्या. माझा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर उजेड फेकत नाही. त्याच्या आत काळ्या-पांढऱ्या कणांची शाई असते आणि तिची अक्षरं होतात. तपासणी करणाऱ्या बाईने माझ्यावर एक ओळ उमटवून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं ते एका एक्स-रे काढणाऱ्या मुलीने. दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे मिळणाऱ्या पाच-पाच मिनिटांत ती मला वाचायची. "अख्खं कपाट पर्समध्ये घेऊन फिरते मी," असं ती मैत्रिणींना सांगायची. एकदा चार्ज केलं की मी तीन-तीन आठवडे चालायचो. अवघड शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगायचो. खरं सांगतो, मी जरा चढूनच गेलो होतो.

पण माझ्यात खोटही होती आणि ती लवकरच उघडी पडली. एका मैत्रिणीने माझ्यातली एक कादंबरी वाचायला मागितली. मुलीला ती देता येईना. द्यायचं तर मलाच उचलून द्यावं लागलं असतं. दुसऱ्या वेळी तर कहरच झाला. तिने रीतसर घेतलेलं एक पुस्तक एका सकाळी माझ्या पोटातून नाहीसं झालं. दुकानाचा आणि प्रकाशकाचा कसलासा करार संपला होता म्हणे. "म्हणजे विकत घेतलं की भाड्याने?" असं तिने मलाच विचारलं. पुढे तिला मोठा मोबाइल मिळाला आणि मी खणात गेलो. जुन्या किल्ल्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक मोडका चष्मा यांच्या सोबतीने तिथे मी तीन वर्षं काढली.

मला बाहेर काढलं ते तिच्या वडिलांसाठी.

तिचे वडील पुस्तकं बांधायचे. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. फर्मे जुळवायचे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक लावायच्या, मग दोऱ्याने शिवायच्या, चिकटवायला पिठाची खळ लावायची आणि शिकंज्यात दाबून ठेवायच्या. शिकंजा म्हणजे दोन जाड लाकडी फळ्या आणि वर फिरवायचा लोखंडी स्क्रू. चाळीस वर्षं काकांनी हे केलं. पुस्तक बांधून झालं की ते शेवटचं पान उघडून शेवटची ओळ वाचत. पान गहाळ नाही ना, एवढंच बघायला. त्यापुढे वाचायचं नाही, अशी त्यांच्या उस्तादांची शिकवण होती. "गिऱ्हाइकाचं पुस्तक म्हणजे दुसऱ्याचं ताट. वाढायचं, जेवायचं नाही."

त्यामुळे झालं असं, की काकांना शेकडो पुस्तकांच्या शेवटच्या ओळी पाठ होत्या आणि पूर्ण वाचलेलं पुस्तक एकही नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. जिकडे बघावं तिथे मधोमध धुरकट डाग दिसू लागला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आहे ती नजर वर्षभर पुरेल. पुढचं सांगता येत नाही." काकांनी त्याच आठवड्यात काम बंद केलं. सुया, दाभण, घड्या दाबायची हाडाची पट्टी, मेण लावलेले दोरे, सगळं एका लाकडी पेटीत भरलं, पेटीला पितळी कुलूप ठोकलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"बाबा, मला तरी शिकवा आता," मुलगी म्हणाली. लहानपणापासून ती हेच म्हणत आली होती.

"तू हाडांचे फोटो काढ. हे हात चाळीस वर्षांनी तयार झालेत, ते काय रविवारी-रविवारी होतात?" काकांनी विषयही पेटीत टाकून वर कुलूप लावलं.

पण स्वस्थ बसणारा माणूस नव्हे तो. चार दिवसांनी ते मुलीला म्हणाले, "मला एक पुस्तक वाचायचंय. अख्खं. पहिल्या पानापासून."

त्यांना हवी होती एका नावाड्याची कादंबरी. नऊशे पानांची, एकसष्ट प्रकरणांची. ती त्यांनी पंधरा वेळा तरी बांधली होती. तिची शेवटची ओळ अशी होती : 'त्या दिवसापासून त्याने होडीला कुलूप लावलं नाही.'

"असला कसला वेंधळा माणूस!" काका म्हणाले. "होडीवर पोट आणि होडी उघडी टाकतो! चाळीस वर्षं डोकं खातोय हा माझं. नजर जायच्या आत मला कळलंच पाहिजे, हा गाढव असं का करतो ते."

छापील प्रतीतली अक्षरं मुंगीएवढी होती. भिंगाने वाचून काकांचं डोकं दुखायला लागलं. तेव्हा मुलीला मी आठवलो. तिने मला पुसलं, चार्ज केलं, कादंबरी माझ्यात घेतली, अक्षरं बोराएवढी केली आणि मला वडिलांच्या हातात ठेवलं.

काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. शिवण नाही, पाठ नाही, पुठ्ठा नाही. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," ते म्हणाले. "म्हणे हजार पुस्तकं, आणि पान एकच! ही तर पाटी आहे." तेव्हापासून त्या घरात माझं नाव पाटी पडलं.

पहिले काही दिवस आमचं जमेना. सवयीने ते बोट जिभेला लावून पान उलटत आणि ओल्या बोटाने मी गोंधळून एकदम तीन पानं पुढे जाई. दुसरी तक्रार जाडीची. पुस्तक किती वाचून झालं हे डाव्या-उजव्या हाताला आपोआप कळतं. माझ्यात पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच वजनाचं. मी खाली टक्के दाखवत होतो, पण काका म्हणाले, "टक्के कसले? मी काय परीक्षेला बसलोय?" त्यांनी बाहेर राहिलेला एक मेणाचा दोरा खिडकीच्या खिळ्याला अडकवला आणि प्रत्येक प्रकरण संपलं की त्याला एक गाठ मारायला सुरुवात केली. ती गाठ बोटाने चाचपली की त्यांचं समाधान होई.

रोज सकाळी ते खिडकीपाशी बसत, समोर कुलूपबंद पेटी ओढत, तिच्यावर मला ठेवत आणि वाचत. एक ओळ लागायला कधी मिनिट लागे. पण तहान लागली तरी पान संपल्याशिवाय उठत नसत. याआधी मुलीने मला वेळ घालवायला वाचलं होतं. इथे पहिल्यांदा कोणीतरी वेळेशी झुंजत मला वाचत होतं. मीही ठरवलं, या माणसाला मधेच सोडायचं नाही.

आणि नेमका तेव्हाच घात झाला.

तेविसाव्या गाठीच्या सुमाराला माझ्या पाठीमागचं झाकण एका कोपऱ्यात सुटलं. काकांच्या बोटांना ते लगेच कळलं. पुस्तकाचा पुठ्ठा सुटला तर बाइंडर काय करतो? खळ लावतो आणि दाबतो. माझ्यावरच्या मायेनेच त्यांनी कोपऱ्यात खळ भरली, दोन बाजूंनी पुठ्ठे लावले आणि मला शिकंज्यात ठेवून स्क्रू फिरवला. "दोनच वेढे. नाजूक आहे बिचारी," असं पुटपुटलेलं मी ऐकलं. दुसऱ्या वेढ्याला माझ्या आत काहीतरी तडकलं आणि पडद्याच्या तळाशी करडी पट्टी उमटली.

संध्याकाळी मुलगी घरी आली आणि तिने कपाळावर हात मारला. "बाबा! यंत्र आहे ते! काचेला कोणी शिकंज्यात घालतं का?"

झाकण मात्र पक्कं चिकटलं होतं.

दुरुस्तीवाल्याने मला धड उघडूनही पाहिलं नाही. "हे कोणी दुरुस्त करत नाही. नवीन घ्या," एवढं बोलून त्याने मला परत दिलं. मित्रांनो, माझी सगळ्यात मोठी खोट ती हीच. वाळवीने खाल्लेलं पुस्तकही काका उभं करत. माझी एक चीर सांधणारा हात त्या गावात नव्हता. तळाच्या दोन ओळी त्या पट्टीत कायमच्या बुडाल्या.

मुलगी नवीन रीडर आणायला निघाली, तर काका ऐकेनात. "मी मोडलंय, मीच निभावेन. जन्मभर लोकांची फाटकी पुस्तकं जोडली आणि ही बिचारी दोन ओळींनी लंगडी झाली म्हणून फेकून देऊ?"

"हट्ट सोडा की बाबा. दोन-दोन ओळी गाळून कुठे पुस्तक वाचतात?"

"गाळणार नाही. एकही ओळ गाळणार नाही."

त्यांचा आवाज चढला होता, पण बोट माझ्या चिरेवरून फिरत होतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. तीन दिवस ते खिडकीत नुसतेच बसून राहिले. दोऱ्यावर तेवीस गाठी होत्या आणि डोळ्यांतला डाग थांबणार नव्हता.

वाट काढली ती काकूंनी, म्हणजे मुलीच्या आईने. त्यांनी आयुष्यात कधी मला हात लावला नव्हता. कपाट आवरता आवरता त्या म्हणाल्या, "अहो, फळीवर मोठे डबे ठेवले की मागचे डबे दुसऱ्या फळीवर जातात. तसं अक्षर मोठं करून बघा की. खालची ओळ पुढच्या पानावर जाईल."

मुलीने करून पाहिलं. अक्षर एक पायरी मोठं केलं, पान उलटलं आणि बुडालेल्या दोन्ही ओळी माथ्यावर हजर! त्या वाचायच्या, अक्षर परत लहान करायचं आणि पुढे जायचं. कागदाच्या पानाला हे जमलं नसतं. मला तेव्हा इतका आनंद झाला, की मी लंगडा आहे हेच विसरलो.

"चाळीस वर्षं संसार केला, पण ही अक्कल कुठे लपवली होतीस?" काकांनी विचारलं.

"डब्यांच्या मागे," काकू म्हणाल्या.

त्यानंतर काका थांबले नाहीत. प्रत्येक पानाला दुप्पट कष्ट, तरी रोजचं वाचन चुकलं नाही. तापात चुकलं नाही, पाहुणे आले तेव्हा चुकलं नाही. डाग वाढत होता, तशी अक्षरं वाढत होती. बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली. माझ्यावर पाचच ओळी मावू लागल्या आणि पाचवी पट्टीत बुडायची. माझी बॅटरीही साथ सोडायला लागली, तेव्हा मुलीने मला वायरीने भिंतीला जोडून ठेवलं. आम्ही दोघेही आता आधारावर होतो. चाळीस गाठी झाल्या. पन्नास झाल्या. साठ झाल्या.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी मुलीने दवाखान्यातून रजा घेतली. काकू हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. काका एक-एक शब्द लावत वाचत होते. दुपार व्हायच्या आत आम्ही शेवटच्या पानावर पोचलो. चार ओळी वाचून झाल्या. पाचवी, ती शेवटची ओळ, नेमकी पट्टीत बुडाली होती.

मला शरमेने मेल्यासारखं झालं. ज्या ओळीसाठी या माणसाने उरलीसुरली नजर जाळली, तीच मी दाखवू शकत नव्हतो. मुलीने अक्षर मोठं करायला बोट पुढे केलं.

"राहू दे," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवसापासून त्याने होडीला कुलूप लावलं नाही."

मग डोळे उघडून काका म्हणाले, "तो वेंधळा नव्हता गं. त्याचे हात थकले होते. त्याला वाटायचं, आपल्याशिवाय ही होडी कोणाला वल्हवताच येणार नाही. म्हणून कुलूप. पण कुलपाने होडी वाचते आणि पलीकडे जायचं असलेली माणसं काठावर अडकून पडतात. हे कळायला त्याला एकसष्ट प्रकरणं लागली." त्यांनी माझ्याखालच्या पेटीवर हात फिरवला. "मलाही."

त्यांनी चाचपत दोऱ्याला शेवटची गाठ मारली. मग मला उचलून मुलीच्या मांडीवर ठेवलं, सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर दाबली.

"उघड पेटी. आधी सुईत दोरा ओवायला शिक. रविवारी-रविवारी का होईना."

आज काकांना अक्षर दिसत नाही, कितीही मोठं केलं तरी. मुलगी माझ्यातून त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, नाहीतर त्यांच्या समोर बसून पुस्तकं शिवते. तिने शिवलेलं पहिलं काम म्हणजे माझं कापडी कव्हर. काकांनी ते तीनदा उसवायला लावलं. "टाका वाकडा आहे. परत घाल," असं ते बोट फिरवूनच सांगत. चौथ्यांदा त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, कागदाचं पुस्तक चांगलं की मी, असं मला पुष्कळदा विचारतात. मला त्याच्यासारखं वारसाने जाता येत नाही, फाटलो तर शिवता येत नाही आणि वीज नसली की माझी बोलती बंद होते. पण मुंगीएवढं अक्षर लिंबाएवढं करून एका विझत्या नजरेला मी काठापर्यंत नेलं, हे माझ्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तुमच्या घरात कुठल्या तरी खणात माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, चार्ज करा आणि ज्याला अक्षर दिसेनासं झालंय त्याच्या हातात द्या. तो लंगडा असला तरी चालेल.

फक्त त्याला शिकंज्यात घालू नका. आणि खणाला कुलूप लावू नका.