मुरत ठेवलेल्या चेरी

जान्हवी ऑफिसला निघताना दारातून म्हणाली, "आई, चेरीच्या बिया काढून मुरत ठेवा. आल्यावर मी शिजवते. साखर ओट्यावर आहे."

"कळलं गं. दहादा काय सांगतेस?" तिची सासू मालन म्हणाली.

चेरी जान्हवीच्या वडिलांसाठी होत्या. बळवंतराव तरुणपणी फौजेत, काश्मिरात होते. आता मुलुंडला घरीच असत. आजारपणातल्या औषधांनी त्यांच्या तोंडाची चव गेली होती. कशालाच हात लावत नसत. एकदाच म्हणाले, तिकडच्या त्या आंबट चेरी मिळतील का? जान्हवीच्या ऑफिसातला केतन श्रीनगरला गेला होता. त्याने एक खोका मांडीवर धरून आणला.

मालनने केसांतला आकडा काढून धुतला आणि एकेक बी उपसली. बोटं लाल झाली. एक चेरी चाखली, तर करवंदासारखी आंबट. चव गेलेल्या माणसाला लोणच्याची फोडच हवी, असं तिला वाटलं. साखर चहासाठी काढली असेल म्हणून तिने डब्यात परत ओतली. चेरींना मीठ चोळलं, हळद लावली आणि पातेल्यावर फडकं बांधलं.

दुपारी जान्हवीचा फोन आला. "आई, साखर विरघळली का? पाणी सुटलं असेल ना?"

मालनची नजर साखरेच्या डब्यावर गेली. "सुटलंय," म्हणाली.

फोन ठेवून तिने चेरी नळाखाली धरल्या. लाल रस वाहून गेला, हळद-मीठ राहिलं.

संध्याकाळी जान्हवीने फडकं सोडलं. एक चेरी तोंडात घातली.

"जयाने घातलं असेल काहीतरी," मालन म्हणाली. "मी जरा पडले होते."

"जया आज आलीच नाही, आई. सकाळची भांडी तुम्हीच घासलीत."

एवढंच बोलून जान्हवीने पर्स खुंटीला अडकवली आणि तांदूळ धुवायला घेतले.

रविवारी ती मुलुंडला निघाली. "बाबांना सांगते, खराब निघाल्या."

"मी येते," मालन म्हणाली. तिने चेरी स्टीलच्या डब्यात भरल्या. बसमध्ये डबा मांडीवर धरून बसली. 

बळवंतरावांनी डबा उघडला. "पिवळ्या? आमच्या वेळी लाल असायच्या." एक तोंडात टाकली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "जानू, हे काय केलंस गं? सासूबाईंनी काही शिकवलं नाही वाटतं."

जान्हवी खिडकीकडे बघत राहिली. 

मालन पुढे सरकली. "तिने नाही केलं. मुरत ठेवा म्हणाली, तर मी मीठ घातलं. साखर समोर होती. आणि वर तिला सांगितलं, जयाने घातलं."

"जया कोण?"

"भांडीवाली. बिचारी आलीच नव्हती त्या दिवशी."

बळवंतरावांनी चेरी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. बराच वेळ चघळत राहिले.

"खारट आहे, विहीणबाई," ते म्हणाले. "मला कळतंय, खारट आहे." आणि डब्यात परत बोटं घातली.

जान्हवी वळली. मालनला मात्र वर बघवेना. पदराखाली ती अजून लालसर असलेली बोटं पुसत राहिली.