'इन्कर'चं कार्ड

बाबांच्या इंग्रजी-मराठी कोशातली उदाहरणं आमच्याच घरातून उचललेली असत. शब्दाचा अर्थ ते चार कोश पाहून लिहीत. वाक्य मात्र त्या आठवड्यात घरात घडलेलं. 'ग्रम्बल'खाली कुरकुरणारी आई सापडते, 'डॉडल'खाली आंघोळीला उशीर लावणारी मी.

"माझी अब्रू अकारविल्हे वेशीवर टांगलीय," आई म्हणायची.

बाबा गेल्यावर दीड महिन्यानं संपादककाका घरी आले. छपाई एका कार्डासाठी अडली होती. शब्द होता 'इन्कर' : नको असलेला खर्च, नुकसान किंवा कुणाचा राग स्वतःवर ओढवून घेणे.

"पुढचे शब्द आम्ही केले," काका म्हणाले. "हा त्यांनी शेवटी हातात घेतलेला. इथंच असेल कुठंतरी."

ते माझ्या कपाटात होतं. वरचा शब्द पाहून मीच ते पुढचं न वाचता ठेवलं होतं. बाबांना ऑपरेशन नको होतं. "पिकल्या पानावर कशाला एवढा खर्च," म्हणाले होते. मी ऐकलं नाही. आईलाही गप्प केलं आणि सही करून मोकळी झाले. पुढे चार महिने मिळाले, तेही अंथरुणातले. उशीला टेकून बाबा कार्डं लिहीत, माझ्याशी मात्र जेमतेम बोलत. त्या दिवसांत या शब्दाचं वाक्य त्यांना कशावरून सुचलं असेल, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"अगं, दे की," आई म्हणाली. "टोमणा असला तर मलाच असणार. सवय आहे मला."

मी कार्ड आणून काकांपुढे ठेवलं. "तुम्हीच वाचा."

काकांनी आधी मनात वाचलं, मग सावकाश मोठ्यानं. "'मुलीच्या हट्टापायी मी नको तो खर्च ओढवून घेतला, त्या खर्चात 'एच' पुरं झालं आणि 'आय' अर्धं.'"

मी खुर्ची ओढून बसले.

"वाक्य लांबलंय, वहिनी," काका म्हणाले. "स्वल्पविरामापुढचं काढावं लागेल. शब्द तर पहिल्या भागातच येऊन गेला."

"मग पहिलं काढा," आई म्हणाली.

"शब्दच जाईल हो."

"तर दोन्ही राहू द्या. जागा नसेल तर माझी कुरकुर कापा."

काका हसले आणि त्यांनी कार्ड पाकिटात घातलं. मी आईला विचारलं, "मग ते माझ्याशी बोलत का नव्हते?"

"वेळ कुठे होता त्यांना? मलाही हातानंच खुणावायचे, थांब म्हणून."