शहापूरच्या फ्लेक्सवरची सारंगी

मी सारंगी. मैफलीत गाद्यागिरद्यांवर मिरवते ती नव्हे. तिचं आणि माझं नाव तेवढं एक. मी नेपाळच्या डोंगरातली. एकाच लाकडातून कोरलेली, पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेली, चार तारांची. सध्या विद्यापीठाच्या एका विभागात काचेच्या कपाटात उभी आहे. कुणी वाजवत नाही, म्हणून बोलते.

मला कोरलं माझा धनी कर्णबहादुर याच्या बापानं. ते जातीनं गाइने, कागदोपत्री गंधर्व. गावोगाव हिंडायचं, अंगणात उभं राहून कुणाचं लग्न, कुणाचं मरण, कुठला पूर ते गाऊन सांगायचं आणि ओंजळभर तांदूळ घेऊन पुढं निघायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. लोक ऐकून डोळे पुसायचे, पण गाणाऱ्याला उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. माझा आवाज घरात चालायचा, मला धरणारा हात चालायचा नाही. माणसांचं हे गणित मला कधी कळलं नाही.

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि अंगणातलं गाणं संपलं. कर्णबहादुरनं मला पत्र्याच्या पेटीत घातलं आणि भंडाऱ्याजवळ शहापूरला येऊन रात्रीची चौकीदारी धरली. शहापूरकर त्याला सरसकट ‘बहादूर’ म्हणायचे. पण खोलीत त्याच्याच मुलखातले आणखी तिघं होते, त्यांना आडनाव हवं होतं. त्यानं थापा सांगितलं, ते वरच्या जातीत चालतं. त्या एका शब्दावर त्याला पंगतीत जागा मिळाली. तिघांतला खत्री हायवेवर चायनीजची गाडी लावायचा. उच्च जातीचा, पण जीव लावणारा. कर्णबहादुरला ताप आला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं पेज पाजली होती. चौघं एका चुलीवर भात शिजवायचे, एका माठातलं पाणी प्यायचे, आपल्या भाषेत मनसोक्त भांडायचे. मी दिसले असते तर जात उघडी पडली असती, कारण आमच्याकडे सारंगी धरतो तो गाइनेच. म्हणून मी पेटीच्या तळाशी गप्प पडून राहिले.

मग रश्मी आली. शहापूरचीच पोर, नेपाळातल्या वंचित समाजांवर पीएच.डी. करणारी. गोड बोलून माणसाच्या पोटातलं काढून घ्यायची विद्या तिला चांगली जमत होती. खोलीत कुणी नसताना कर्णबहादुरनं तिला खरं सांगितलं, आणि कित्येक वर्षांनी मी उजेड पाहिला. तो गायला. ती मोबाइलवर टिपत राहिली आणि मधेच रडली. मला ती आवडली, खोटं कशाला बोलू?

“काका, नाव काहून लपवून राहिले तुमी?” ती म्हणाली. “आमच्या आजोबानं छप्पनमंधी सगळ्यायले सांगून टाकलं, आमी कोन आहो ते. तवापासून आमी मान वर करून चालतो.”

“बेटी, तुमची पूरी बस्ती एकसाथ उभी राहिली,” कर्णबहादुर म्हणाला. “मी इथे अकेला आहे.”

तिनं मान हलवली. पण ऐकणं वेगळं आणि मनात उतरणं वेगळं.

प्रबंधात तिनं त्याचं नाव बदललं, गाव बदललं. तेवढं विद्यापीठानं शिकवलं होतं. फ्लेक्सबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं. पीएच.डी. मिळाली तेव्हा तिचे वडील धम्मदीप गुरुजी म्हणाले, “ज्याच्यापासून शिकली, त्याचा सत्कार पयले.” शाल, श्रीफळ, समाजमंदिरात कार्यक्रम. कर्णबहादुरला वाटलं, मराठी माणसांपुढं एक गाणं म्हणायचं, त्यांना गाइने कोण ते काय ठाऊक! तो हो म्हणाला. इकडे हायवेवरच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लागला: ‘नेपाळमधील उपेक्षित गंधर्व समाजाचे लोकगायक मा. कर्णबहादुर गाइने यांचा जाहीर सत्कार’. मजकूर रश्मीनंच लिहून दिला होता. फोटोत त्याच्या हातात मी.

नेपाळी माणूसही हीच अक्षरं वाचतो, हे साऱ्या शहापुरात एकाच्याही ध्यानात आलं नाही. फ्लेक्स खत्रीच्या गाडीसमोरच होता.

दुपारी कर्णबहादुरचं ताट, पेला, कांबळं आणि माझी पेटी खोलीबाहेरच्या ओट्यावर निघाली. माठ फुटलेला होता. कुणी हात उगारला नाही. खत्रीच रडत होता. “एका चुलीवर जेवलो आपण,” तो आपल्या भाषेत म्हणाला. “गावी कळलं तर मला घरात घेतील का? तुला पेज पाजली मी, आणि तू मला एवढंही सांगितलं नाहीस?” कर्णबहादुरनं ओट्यावरच तोंड धुतलं, मला पेटीतून काढलं आणि तो समाजमंदिराकडे निघाला.

शाल घातली, नारळ दिला. गुरुजी माणुसकीवर सुरेख बोलले. कर्णबहादुरनं मला मांडीवर घेतलं, तारांवर गज टेकवला आणि तसाच बसून राहिला. मी वाट पाहिली. गज हललाच नाही. लोकांना वाटलं, गरीब माणूस बुजला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर रश्मीला सगळं कळलं. ती हमसाहमशी रडायला लागली. “काका, चुकलं माझं. आमच्या घरी राहाले चला. आमच्या घरी कोनी काही विचारत नाही.”

“येईन, बेटी. तुम्ही ताटात वाढाल, मला मालूम आहे,” तो म्हणाला. “लेकिन बोलू कोणाशी?”

त्यानं शालीची घडी करून तिच्या हातात दिली, वर मला ठेवलं. “हिला ठेव. ही बरोबर असली की लोक मला ओळखतात.” एवढं बोलून तो हायवेकडे चालता झाला. मला तीच शाल गुंडाळली गेली.

त्याचा फोन लागत नाही. रश्मी आता या विद्यापीठातच शिकवते, मला इथं तिनंच आणलं. विद्यार्थ्यांना कपाटापाशी आणते, माझी माहिती सांगते, पण माझ्याकडे पाहत नाही. पावसाळ्यात माझं कातडं ढिलं पडलं, एक तार तुटली. तो परत येईल असं मला वाटत नाही. आला तरी मला हात लावणार नाही, हेही ठाऊक आहे.

तेव्हा मला वाजवा, असं मी म्हणत नाही. मागणं आहे ते त्याच्यासाठी. कुठल्या गावात, कुठल्या फाटकाशी शिट्टी घेऊन उभा असलेला तो तुम्हाला भेटला, तर त्याला आडनाव विचारू नका. त्यानं आपणहून थापा सांगितलं, तर थापा म्हणा.