गोगलगाय कुणाच्या नावावर

“वहिनी, माल पाठवायच्या आधी ती गोगलगाय इथे तुमच्या नावावर करून घ्या. मागाहून फार जड जाईल.”

हे मला गोदामवालीने सांगितलं होतं, व्हिडिओ कॉलवर, आवाज अगदी खाली आणून. मी “हो हो, बघतो आम्ही” म्हणून विषय उडवून लावला. आता तिचा फोन बंद आहे. ती कुठे आहे, बरी आहे का, काही कळत नाही, आणि ज्याला विचारावं त्याच्या एका शब्दावर माझा विश्वास नाही. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

आमचा धंदा लेकरांना अंगाशी बांधून घ्यायच्या झोळ्यांचा. पहिली झोळी सासूबाईंनी माझ्या लेकीसाठी शिवली, कारण तिला खाली ठेवलं की भोंगा सुरू. झोळीच्या कोपऱ्यात त्यांनी सहज एक गोगलगाय भरली, एक शिंग ताठ आणि दुसरं वाकलेलं. दोरा तिथेच संपला होता. शेजारणीने तशीच झोळी मागितली, मग तिच्या बहिणीने, मग एका दुकानाने. मागच्या खोलीत मशिनं आली, कारागीर आले, आणि वाकलेल्या शिंगाची गोगलगाय आमची खूण झाली. इथे आम्ही ती सासूबाईंच्या नावावर रीतसर नोंदवूनही घेतली. त्यामुळे ती जगभर आमचीच, अशी आमची ठाम समजूत. इथली नोंदणी इथल्यापुरती असते, परदेशात माल विकायचा तर तिथे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पुष्कळ देशांत जो आधी अर्ज करेल त्याचीच खूण धरतात, हे एम.कॉम. होऊनही माझ्या कानावरून कधी गेलं नव्हतं.

परदेशातला वितरक आम्हाला एका प्रदर्शनात भेटला. आपलीच भाषा बोलणारा, वर्षानुवर्षं तिकडे राहिलेला. फोन केला की आधी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी, मग लेकीच्या दातांची, आणि मग धंदा. सासूबाईंनी त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं. “आपल्या घरात लग्नाची मुलगी नाही हे बरं,” त्या म्हणायच्या, “नाहीतर इतक्या गोड माणसाला द्यावीच लागली असती.”

गोदामवाली त्याच्याकडे कामाला. तीही आपल्याच भाषेतली. मालाचे नमुने कुठे ठेवणार ते दाखवायला ती फोन हातात धरून गोदामभर फिरायची, आणि मी मांडीवरच्या लेकीला थोपटत सगळं बघून घ्यायची. मला सवयच आहे. लस टोचणाऱ्या नर्सला मी बाटलीवरची तारीख दाखवायला लावते. पाळणाघराच्या फाटकाची कडी मूल आतून काढू शकतं का, हे स्वतः ओणवी होऊन पाहिल्याशिवाय मी तिथे पैसे भरले नाहीत. घरात सगळे हसतात. हसू देत.

तर त्या दिवशी जावईबापू दुसरा फोन घ्यायला बाहेर गेला आणि ती ते वाक्य बोलली. मला काय वाटलं सांगू? की हिचं यात काहीतरी आहे. जिचा पगार त्याच्या हातात, ती मला त्याच्याविरुद्ध का सावध करेल? तिच्या ओळखीचा कोणी नोंदणी करून देणारा असेल, किंवा मालकाशी वाजलं असेल. ज्याच्यावर संशय घ्यायला हवा होता तो गुडघ्यांची चौकशी करत होता, आणि मी संशय घेत बसले तिच्यावर.

माल गेला. तिथे खपलाही. जावईबापूने आणखी मागवला, आणि बोलता बोलता म्हणाला की तिकडच्या नोंदणीचं बघायला आपला माणूस आहे, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता, तुम्ही लेकराकडे बघा. हे मला खटकलं. लेकराकडे बघ असं मला कोणी म्हटलं की मी आधी म्हणणाऱ्याकडे बघते. पण नवरा म्हणाला, मदत करतोय बिचारा, तुला सरळ माणूस दिसलाच नाही का कधी.

मग गोदामवालीचा मेसेज आला. “अर्ज गेला. तुमच्या नाही, त्यांच्या कंपनीच्या नावाने. अजून हरकत घेता येईल. माझं नाव कुठे येऊ देऊ नका.”

मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला. आणि इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माझे सासरे गेले, पण त्यांची शिस्त राहिली: पाठीमागे कुजबुज करायची नाही. कुणाबद्दल काही ऐकलं तर सरळ त्याच्यासमोर जाऊन विचारायचं, आणि कुणाकडून ऐकलं तेही सांगायचं. या एका रीतीमुळे आमच्याकडे चुलते, आत्या, जावा सगळे अजून एकमेकांशी बोलतात. नवऱ्याला तिचा कोण अभिमान.

मी लेकीला न्हाऊ घालत होते. टॉवेलात गुंडाळून बाहेर आले तर बाहेरच्या खोलीत फोन स्पीकरवर होता आणि नवरा मोकळेपणाने बोलत होता. “तुमच्या गोदामातल्या बाईंनी कळवलंय की गोगलगाय तुम्ही स्वतःच्या नावावर करताय. म्हटलं, मनात कशाला ठेवा, सरळ विचारावं.”

पलीकडून हसू आलं. पण जरा उशिराने आलं. मग तो म्हणाला, अहो, गैरसमज आहे, तुमच्याच सोयीसाठी केलंय, पुढे नावावर करून देतोच की. सासूबाईंना नमस्कार सांगा.

“बघ,” फोन ठेवून नवरा म्हणाला, “विचारलं की कळतं.”

मी लेक त्याच्या हातात दिली आणि त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाची वेबसाइट उघडली. तिथे कुणालाही शोधता येतं. गोगलगाय होती. वाकलेलं शिंग, जसंच्या तसं. अर्जदार म्हणून जावईबापूची कंपनी, वस्तू म्हणून झोळ्या, आणि वर अंगडी, दुपटी, पांघरुणं, जी आम्ही अजून शिवतही नाही. म्हणजे आमच्या उद्याच्या धंद्यावरही त्याने हात ठेवला होता. उद्या आम्ही तिथे दुसऱ्या कुणाला माल दिला, तर आमचीच गोगलगाय लावली म्हणून तो आमचाच माल अडवू शकला असता.

सासूबाईंनी स्क्रीनवरच्या त्या वाकलेल्या शिंगावर बोट ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या, “दोरा संपला होता हे त्याला कुठे माहीत आहे.”

तिथल्या एक वकीलबाई शोधल्या. हरकत मुदतीत दाखल झाली. खूण आमची आहे हे जावईबापूला अर्ज करताना माहीत होतं, एवढं दाखवता आलं तर आपली बाजू भक्कम, असं त्या म्हणाल्या. त्याच्या कंपनीतलं कोणी सांगायला तयार आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. कारण तोवर गोदामवालीचा फोन लागेनासा झाला होता.

हरकतीची नोटीस पोचायच्या आधी जावईबापूचा एकदा व्हिडिओ कॉल आला. मागे तिच्या खुर्चीत दुसरीच मुलगी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, काम सोडून गेली, लग्न ठरलं तिचं. पुढे आमच्या जुन्या मालाच्या निमित्ताने मी गोदामात फोन केला, तर नवी मुलगी म्हणाली की ताई आजारी आहेत, रजेवर आहेत. मागून कोणीतरी काहीतरी बोललं आणि फोन कट झाला.

लग्न की आजारपण? आणि एक गोष्ट मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. तिने एकदा हसत सांगितलं होतं की तिची खोली गोदामाच्या वरच आहे, आणि पासपोर्ट साहेबांच्या कपाटात असतो, हरवायला नको म्हणून. तेव्हा मीही हसले होते.

वकीलबाईंना मी विनवलं. त्यांनी तिथल्या पोलिसांना कळवलं. त्यांना पूर्ण नाव हवं, पासपोर्टचा नंबर हवा. माझ्याकडे तिचं हाक मारायचं नाव तेवढं आहे, आणि तेही मी इथे लिहिणार नाही, कारण नाव सांगण्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे.

परवा जेवताना नवरा एकदम म्हणाला, “मी बाबा करायचे तेच केलं गं.”

“बाबा घरातल्यांना विचारायचे,” मी म्हटलं.

तो ताटावरून उठला नाही, चिडलाही नाही. त्याने लेकीला भरवायला घेतलं आणि घास तसाच हातात राहिला.

गोगलगायीचा निकाल लागेल तेव्हा लागेल. गेली तर दुसरं काही भरू, सासूबाईंचा हात अजून चालतो. तुमच्यापैकी जे कोणी परदेशात असतील त्यांच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. एका रस्त्यावर टायरची दुकानं आहेत, त्यांच्या मागे पत्र्याचं निळं गोदाम, बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना, जिन्याच्या टोकाशी एकच खिडकी, तिला आतून वर्तमानपत्रं लावलेली. मी हे सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे; पत्ता ठाऊक नाही, कारण आमचा माल बंदरावरून त्याचीच माणसं उचलायची आणि कागदांवर फक्त त्याच्या कचेरीचा पत्ता असायचा. असं काही तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दिसलं तर मला गाव कळवा. आणि धीर होत असेल तर दिवसाउजेडी, बरोबर कोणालातरी घेऊन, जिना चढून दार वाजवा. चाळिशीची बाई, उंच, बोलताना हनुवटीला हात लावते. आपल्या भाषेत विचारा, जेवलात का. ती दाराशी आली, तर बाहेर यायचंय का तेही विचारा. फक्त खाली मालकाला काही विचारू नका.