रोज चार अंश

कंपाउंडरची उंची सहा फूट दोन इंच, म्हणून घरात त्याचं नाव टिल्लू. जनावरांच्या दवाखान्यात त्याने बावीस वर्षं काढली होती आणि त्यातली निम्मी तरी लोकांच्या टोप्या उडवण्यात घालवली होती. मागच्याच महिन्यात त्याने मोठ्या बहिणीला फोन केला. "ताई, मॅनेजरचा रिपोर्ट आलाय. पोटुशी आहे."

मॅनेजर हा तिचा कुत्रा. दिवसभर लोळायचं आणि काम करणाऱ्यांवर ओरडायचं, म्हणून हे नाव. ताई तशीच तरातरा दवाखान्यात. "अरे, पण तो नर आहे!"

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसत मान हलवली. "क्वचित होतं असं." कंपाउंडरने जेमतेम अर्धं मिनिट दम धरला, मग फसकन हसला. त्याला जास्त वेळ जमायचंच नाही. शेवटी तिघंही पोट धरून हसली होती.

आज सकाळी नऊला ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज जरा चिरका होता. "टिल्लू, मॅनेजरचा कान फाडला रे! कचराकुंडीपाशी एक कुत्रं झिंगल्यासारखं चालत होतं, तोंडातून लाळेच्या तारा. महापालिकेचे गाडीवाले उचलून घेऊन गेले त्याला."

"अगं, घाबरतेस काय? तीन महिन्यांपूर्वी मीच नाही का टोचला त्याला? रेबीजची लस आहे अंगात. कान पुसून घे आणि संध्याकाळी घेऊन ये, बाई एक जादा डोस देतील. आणि बाळंतपणाची रजा हवी का, तेही विचार त्याला."

"मेल्या!" म्हणून ताई हसली आणि तिने फोन ठेवला.

अकरा वाजता फ्रिजवाला आला. लसींच्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं, रबर सैल झालं होतं. हा फ्रिज म्हणजे डॉक्टरबाईंचं देवघरच. आत लसीशिवाय काही ठेवायचं नाही, स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा नाही. आतला पारा दोनच्या खाली गेला नाही पाहिजे आणि आठच्या वर चढला नाही पाहिजे, नाहीतर लस वाया. म्हणून आठ महिन्यांपूर्वी बाईंनी दारावर आकडे दाखवणारा छोटा थर्मामीटर बसवून घेतला होता. कंपाउंडरने रोज सकाळी तो वाचायचा, वहीत लिहायचा, खाली सही ठोकायची. आठ महिने रोज ४.०. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. बाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, "आमचा फ्रिज म्हणजे शहाणं बाळ."

फ्रिजवाल्याने रबर चाचपलं, मग थर्मामीटरजवळ नाक नेलं. "याचं प्लॅस्टिक कुणी काढलंच नाही होय?"

त्याने कोपऱ्याला नख लावलं. चर्र. पातळ चकती निघाली आणि तिच्याबरोबर ४.० हा आकडाही निघाला. तो त्या प्लॅस्टिकवर छापलेला होता. दुकानात मांडलेला माल चालू दिसावा म्हणून कंपनीने चिकटवलेला. खाली खरा आकडा लुकलुकत होता. १७.३.

कंपाउंडरने टाळीच वाजवली. "वा रे पठ्ठ्या! मलाच गंडवतोस? कुणी पाठवलं तुला?"

"मी कशाला गंडवू? मी रबर बघायला आलोय."

कंपाउंडरने फ्रिज उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. "हे बघ! गार तर लागतंय!"

"बाहेर अडतीस आहे, साहेब. सतरा गारच लागणार."

डॉक्टरबाई आतून आल्या. त्यांनी ती चकती हातात घेतली, परत थर्मामीटरवर लावली. ४.०. उचलली. १७.३. असं त्यांनी तीनदा केलं. मग त्या मागे न बघताच खाली बसल्या, ते थेट एका मांजराच्या टोपलीवर. आतून मांजर फिस्कारलं, तरी त्या उठल्या नाहीत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. फ्रिजवाल्याने खांदे उडवले. "हे कसं सांगणार? आज बिघडला असेल, नाहीतर आठ महिन्यांपूर्वी."

बाईंनी लसींची वही ओढली. ओठ हलवत पानं मोजत गेल्या. "तीनशे बारा. कुत्री, मांजरं, सगळी धरून. कुणाला लस गेली आणि कुणाला नुसतं पाणी, देव जाणे. सगळ्यांना बोलवायचं. सगळ्यांना पुन्हा टोचायचं."

कंपाउंडरने वहीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "बाई... मॅनेजर."

सकाळची कान फाडल्याची गोष्ट ऐकून बाईंचा चेहरा खडूसारखा झाला. "टोचलेलाच नाही असं धर. आजच्या आज चांगली लस, पुढचे डोस वेगळे, आणि सहा महिने एकटा कोंडून ठेवायचा. तुझ्या बहिणीकडे बाळ असतं ना?"

असतं. ताईची नात, दहा महिन्यांची, रांगणारी. आई कामावर गेली की दिवसभर आजीकडे.

त्याने फोन लावला. "ताई, बाळाला उचल. मॅनेजरला बाल्कनीत घाल. लस खराब होती."

"हो का? आणि बाळंतीण सुखरूप आहे ना?"

बाईंनी फोन हिसकावला. "ताई, मी बोलतेय. खरं आहे हे."

"तुम्ही तर बोलूच नका बाई! तुमचं 'क्वचित होतं असं' मी विसरले नाही अजून." फोन कट. पुन्हा लावला तर उचलेचना.

कंपाउंडरने स्कूटर काढली. दहा मिनिटांचा रस्ता, हॉर्नवरून अंगठा काढला नाही.

ताईच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, सगळीकडे कापडाच्या चिंध्या. ताई काजं करत बसली होती. सतरंजीवर बाळ, आणि बाळाची मूठ मॅनेजरच्या मानेच्या केसांत. फाटक्या कानावर हळद थापलेली. बाळ दुसरा हात त्या हळदीकडेच नेत होतं.

तीन ढांगांत त्याने खोली ओलांडली आणि बाळाला वर उचललं. बाळाने भोकाड पसरलं.

"अरे राक्षसा! झोपेला आली होती ती!" ताई हातात सुई तशीच धरून उठली. "एवढ्या लांब आलास नाटक करायला? बरं, छान झालं. हस आता."

तो बाळाचे हात उलटेपालटे करून बघत होता. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, मग ओठ.

"टिल्लू, पुरे. हस."

"त्याच्या जवळ जाऊ नकोस, ताई. बाळाचे हात धू. साबणाने धू."

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघत राहिली. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब बाळाच्या झबल्यावर पडला.

"हस ना रे," ती म्हणाली, अगदी हळू. "टिल्लू, हस ना."

मग तिने काहीही न विचारता मॅनेजरला हाक मारली. फिरायला जायचं असं समजून तो शेपटी हलवत उठला. तिने बाल्कनीचं दार उघडलं, तो बाहेर गेला, तिने कडी लावली. मोरीत जाऊन दोघांनी मिळून बाळाला कोपरापर्यंत धुतलं. कुठे ओरखडा नव्हता. ताई मात्र नळाखालून हात काढेना.

"कान मी पुसला रे," ती म्हणाली. "तूच म्हणालास पुसून घे. हळदही हातानेच लावली."

तिने बोटं त्याच्यासमोर धरली. तीस वर्षं सुई चालवलेली बोटं. टोकांना टोचल्याच्या बारीक लाल खुणा, दोन तर कालच्याच. कंपाउंडरने साबण पुन्हा तिच्या हातात दिला.

शेजारणीकडे बाळ दिलं. डॉक्टरबाई नवी लस घेऊन मॅनेजरकडे निघाल्या होत्या, त्यांच्यासाठी किल्लीही तिथेच ठेवली. आणि तो ताईला घेऊन माणसांच्या दवाखान्यात गेला. खिडकीमागच्या नर्सने कागद पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे?"

सवयीने ताईच्या तोंडून "हो, माझ्या भावानेच" एवढं निघालंच. मग ती थांबली आणि तिने त्याच्याकडे बघितलं.

"नाही," कंपाउंडर म्हणाला. "दिलेली नाही, असं लिहा."